बस, आगगाडी की विमान? आफ्रिकेतल्या शहराशहरांमधला प्रवास

(गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



बडोद्यात उभे राहून मराठी माणसाने आफ्रिकेवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. आपल्या शेजारच्या चरोतरातल्या पटेल मंडळींची तिसरी-चौथी पिढी नैरोबीला आणि कंपालाला नांदते आहे. त्यांच्यापुढे माझी नऊ वर्षे म्हणजे किस झाड की पत्ती! पण अलीकडे ट्रान्स्फॉर्मर, केबल, पंप, औषधे अशा कामांसाठी आपली मराठी मुलेही तिकडे जाऊ लागली आहेत. या वर्षी आपल्या मंडळातल्याच तीन घरांतून मुले निघाली आहेत. त्यातल्या एका आईने मला भाजीच्या गाडीपाशी गाठले आणि विचारले, "काका, कंपनी याला गावोगाव फिरवणार म्हणे. तिकडे बस बरी, आगगाडी बरी, की विमान?" मी म्हटले, वहिनी, याचे उत्तर एका वाक्यात नाही, सवडीने सांगतो. आपल्या सेक्रेटरींनी ते ऐकले आणि आजची संध्याकाळ माझ्या नावावर लिहून टाकली.

आधी हे सांगतो की "आफ्रिकेत काय बरे" असा प्रश्नच नसतो. चोपन्न देश आहेत. मोरोक्कोत टँजियर ते कासाब्लांका ताशी ३२० किलोमीटरने धावणारी गाडी २०१८ पासून चालू आहे, आणि त्याच खंडात राजधानीपर्यंत रेल्वेच पोचलेली नाही असेही देश आहेत. म्हणून मी जिथे राहिलो आणि फिरलो त्या पूर्व आफ्रिकेपुरतेच मुख्यतः बोलेन. केनिया, युगांडा, टांझानिया. २०११ ते २०२० मी सबस्टेशनच्या कामावर होतो, मुक्काम नैरोबीत, आणि महिन्यातले दहा-बारा दिवस रस्त्यावर. नंतरही दोनदा जाऊन आलो. त्यामुळे आत्ताची परिस्थितीही थोडीफार पाहिली आहे.

स्वाहिलीत आगगाडीला 'गारी ला मोशी' म्हणतात. गारी म्हणजे आपली गाडीच, आणि मोशी म्हणजे धूर. धुराची गाडी! विमानाला म्हणतात 'न्देगे', म्हणजे पक्षी. झाडावरची चिमणीही न्देगे आणि विमानतळावरचे बोइंगही न्देगे. बसला 'बासी'. आपल्याकडे बासी म्हणजे शिळे, आणि काही बसगाड्या पाहिल्यावर दोन्ही अर्थ पटतात. दुकानाला 'दुका' आणि विम्याला 'बिमा'. गारी, दुका, बिमा हे शब्द आपल्या लोकांबरोबर समुद्र ओलांडून गेले.

ती धुराची गाडीही आपल्याच लोकांनी बांधली. मोंबासाहून १८९६ मध्ये काम सुरू झाले, १८९९ मध्ये रूळ नैरोबीला पोचले आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या किसुमूला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. त्यांपैकी जवळजवळ अडीच हजार तिथेच गेले. त्सावोच्या सिंहांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल, पण सिंहांपेक्षा कितीतरी जास्त बळी तापाने, हगवणीने आणि अपघातांनी घेतले. रूळ मीटर गेजचे, आपल्यासारखेच. नैरोबी हे गाव मुळात त्या रेल्वेचे गोदाम आणि छावणी म्हणून वसले. म्हणजे आधी रेल्वे आणि मग शहर, असा तो उलटा हिशेब आहे.

मी गेलो तेव्हा त्याच जुन्या रुळांवरून रात्रीची गाडी चालायची. नैरोबीहून संध्याकाळी निघायची आणि सकाळी मोंबासाला पोचायची, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात सकाळ, दुपार, कधी संध्याकाळ. जेवणाच्या डब्यात पांढरी चादर, सूप आणि काटेचमचे. प्रतापनगरहून डभोईला जाणाऱ्या छोट्या गाडीत ज्यांचे बालपण गेले त्यांना ती गाडी फार आवडली असती. पण कामाच्या माणसाला ती उपयोगाची नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये ती बंद झाली आणि ३१ मे २०१७ रोजी त्याच मार्गावर चिनी कंपनीने बांधलेली, बहुतांशी चिनी कर्जावर उभी राहिलेली नवी रुंद रुळांची गाडी सुरू झाली. नाव 'मदारका एक्स्प्रेस'. मदारका म्हणजे स्वराज्य.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. नैरोबी-मोंबासा हा मार्ग घेऊ, कारण तिथे तिन्ही साधने आहेत आणि तिन्ही चांगली चालतात. अंतर पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर. म्हणजे बडोद्याहून मुंबईला जाऊन वर पनवेलच्याही पुढे.

कुणीही सांगेल की विमानाला पाऊण ते एक तास, गाडीला पाच-सहा तास आणि बसला आठ ते दहा. हे सगळे खरे आहे, आणि या आकड्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. कारण माणूस विमानतळावर राहत नाही आणि त्याला जायचे असते तेही विमानतळावर नाही. मी नैरोबीत पार्कलँड्सला राहत होतो. तिथून विमानतळ वीस-बावीस किलोमीटर. पहाटे अर्धा तास, आणि सकाळी आठला निघालात तर दीड तासही लागे. २०२२ मध्ये टोल देऊन वरून जायचा उन्नत रस्ता झाला, त्यामुळे आता फरक पडला आहे, पण त्या रस्त्याला लागेपर्यंतची गर्दी आहे तशीच आहे. विमानतळाच्या बाहेरच्या फाटकापाशी गाडीतून उतरून तपासणी, आत पुन्हा तपासणी. मग मोंबासाला उतरून न्यालीला किंवा बेटावरच्या गावात जायला पाऊण-एक तास. दारापासून दारापर्यंत धरले तर साडेचार-पाच तास होतात.

रेल्वेचे तसेच. नवी स्टेशने दोन्हीकडे गावाबाहेर आहेत. नैरोबीचे स्योकिमाऊला, विमानतळाच्याही पलीकडे, आणि मोंबासाचे मिरितिनीला. मध्यवर्ती जुन्या स्टेशनावरून स्योकिमाऊला जोडगाडी मिळते, ती स्वस्त आणि वेळेची. तासभर आधी पोचावे लागते, कारण फलाटावर जाण्यापूर्वी सगळ्यांनी आपापल्या बॅगा जमिनीवर ओळीत मांडायच्या, मागे उभे राहायचे, आणि पोलिसांचा कुत्रा एकेक बॅग हुंगत जातो. आमच्या एका सहकाऱ्याच्या बॅगेत आईने दिलेला गोडा मसाला होता. कुत्रा तिथे थबकला, शिंकला आणि पुढे गेला. त्यानंतर पासपोर्ट आणि तिकीट यांवरची नावे जुळवून पाहतात. घरापासून घरापर्यंत आठ-नऊ तास. बसने दहा-अकरा. पण बस मोंबासाच्या ऐन गावात, 'म्वेंबे तयारी' भागात नेऊन सोडते. म्वेंबे म्हणजे आंब्याचे झाड, आणि तयारी म्हणजे आपले तयारच. नावावरूनच मला ते ठिकाण आवडते.

म्हणजे बघा, कागदावर विमान आणि बस यांच्यात नऊ तासांचा फरक दिसतो, तो प्रत्यक्षात पाच-सहावर येतो. रेल्वे आणि बस यांच्यात तर दोन तासांचाच. मग रेल्वेत बसायचे कशाला? भाडे म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये साधा वर्ग एक हजार शिलिंगांवरून दीड हजार झाला आणि पहिला वर्ग तीन हजारांवरून साडेचार हजार. आपले साधारण हजार आणि तीन हजार रुपये. बसचे भाडे साध्या वर्गाच्या आसपासच. विमानाचे आधी काढले तर पाच-सहा हजार शिलिंगांत, आयत्या वेळी त्याच्या दुप्पट-तिप्पट.

तर माझे उत्तर असे की मोंबासाला जायचे तर सकाळची रेल्वे. ती थांबत थांबत जाते, पण दुपारी दोनच्या सुमारास पोचवते. उजेडात उतरायचे, उजेडात टॅक्सी करायची, उजेडात मुक्कामी. दुपारची गाडी अधिक वेगाची आहे, पण ती रात्री आठला गावाबाहेरच्या स्टेशनावर सोडते आणि तिथून पुढे अनोळखी रस्त्यावर तासभर. रात्रीची तर पहाटेच्या अंधारात सोडते. सकाळच्या गाडीत आणखी एक फायदा म्हणजे खिडकी. त्सावोच्या अभयारण्यातून रूळ उंच भरावावरून जातात, खालून हत्तींना जायला वाटा ठेवल्या आहेत. लाल मातीत लोळलेले लाल हत्ती तिकिटाच्या पैशांत दिसतात. माझ्या सौभाग्यवतींनी पहिल्या फेरीत एकोणीस मोजले. पुढच्या फेरीत एकही नाही, तेव्हा हत्तींची हमी देत नाही.

बसच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. या रस्त्यावर मकिंदू नावाचे गाव लागते. तिथे १९२६ मध्ये रेल्वेत काम करणाऱ्या शीख मंडळींनी बांधलेला गुरुद्वारा आहे. कोणीही या, जात-धर्म कोणी विचारत नाही. गरम डाळ, पोळी, खीर, आणि रात्र झाली तर झोपायला खोली. पैसे मागत नाहीत. पण कंपनीची किंवा स्वतःची गाडी असेल तरच तिथे थांबता येते. बस तिच्या ठरलेल्या ठिकाणी, बहुधा म्तितो अंदेइला थांबते. तिथे चहा आणि सांबुसा मिळतो. सांबुसा म्हणजे सामोसा, आत बहुधा खिमा. शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे.

आता जरा गंभीर विषय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये रस्त्यांवरच्या मृत्यूंचा अहवाल काढला. तिच्या आफ्रिका विभागात जगातली १५ टक्के लोकसंख्या आणि फक्त ३ टक्के वाहने आहेत, पण रस्त्यांवरच्या मृत्यूंत त्या विभागाचा वाटा १९ टक्के आहे. आपणही रस्त्यांच्या बाबतीत कुणाला शहाणपण शिकवावे असे नाही. तरी हे आकडे डोळ्यांपुढे ठेवा. याची कारणे तिथल्या माणसालाही ठाऊक आहेत. दोनपदरी रस्ता, मध्ये दुभाजक नाही, मोंबासा बंदरातून युगांडा-रवांडापर्यंत जाणारे कंटेनरचे ट्रक त्याच रस्त्यावर, दिवे नसलेले बंद पडलेले ट्रेलर, आणि दोन-दोन पाळ्या करणारे चालक. सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. २००४ मध्ये जॉन मिचुकी या परिवहनमंत्र्यांनी प्रवासी गाड्यांना पट्टे आणि ताशी ८० किलोमीटरचा वेगरोधक सक्तीचा केला. लोक आजही त्यांना 'मिचुकी रूल्स' म्हणतात. २०१७ च्या डिसेंबरात लागोपाठ भीषण अपघात झाले तेव्हा लांब पल्ल्याच्या बसना रात्री चालवायलाच काही काळ बंदी घातली. टांझानियात तर रात्रीच्या बसवर वर्षानुवर्षे बंदी होती, ती २०२३ मध्ये उठली.

तरीही रात्रीची बस लोकांना आवडते. का आवडते, तेही समजते. दिवस वाया जात नाही आणि हॉटेलचा खर्च वाचतो. आपल्या कंपन्यांच्या हिशेबनिसांना तर ती फारच आवडते. नैरोबी-कंपाला बस संध्याकाळी निघते आणि सकाळी पोचते, बारा-तेरा तास. पण मध्ये बुसिया किंवा मलाबाची सरहद्द येते ती रात्री दोन-तीनच्या सुमारास. सगळ्यांनी उतरायचे, पासपोर्ट घेऊन रांगेत उभे राहायचे, पलीकडे चालत जायचे, आणि आपली बस शोधायची. पूर्वी दोन देशांची दोन वेगळी ऑफिसे होती आणि मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात पैसे बदलून देणारे, सामान उचलणारे आणि नुसतेच अंगाला लागणारे अशी गर्दी. २०१८ पासून बुसियाला दोन्ही देशांचे शिक्के एकाच छपराखाली मिळतात, त्यामुळे त्रास पुष्कळ कमी झाला आहे. तरी रात्र ती रात्रच.

मी काय करायचो ते सांगतो. घाई असेल तर सरळ विमान. एन्टेबेला सव्वा तासात. फक्त एन्टेबे म्हणजे कंपाला नव्हे, मध्ये चाळीस किलोमीटर आहेत. घाई नसेल तर सकाळच्या विमानाने किसुमू, तिथे जेवण, आणि दुपारी उजेडात मोटारीने बुसिया ओलांडून पलीकडच्या गावात मुक्काम. वेळ जास्त, खर्च मधला, आणि डोक्याला ताप कमी. आमच्या हेड ऑफिसातल्या एका साहेबांनी एकदा मला खर्चाच्या कागदावर लाल शेरा मारून विचारले होते, की बसचे तिकीट इतके स्वस्त असताना विमान का? मी खाली लिहिले, "उजेडात पोचण्यासाठी." पुढे तो शेरा कधी आला नाही.

पण उजेडाचा हा नियम सोपा नाही, आणि त्याची किंमत कधी कधी भलत्याच माणसाला मोजावी लागते. हे मी सांगणार नव्हतो. पण ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी ऐकायला हवे, म्हणून सांगतो.

२०१६ ची गोष्ट. टांझानियाच्या नैर्ऋत्येला म्बेया नावाचे डोंगराळ गाव आहे. तिथे आमचे काम चालू होते. दार-एस-सलामपासून सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर. या गावालाही तिन्ही साधने आहेत. विमानतळ २०१२ मध्ये नवा झाला. रस्ता आहेच. आणि 'ताझारा' रेल्वे आहे, दार-एस-सलाम ते झांबियातले कापिरी म्पोशी, १,८६० किलोमीटर. १९७० ते ७५ या काळात चीनने ती बांधून दिली. झांबियाचे तांबे ऱ्होडेशिया आणि दक्षिण आफ्रिकेतून न नेता थेट पूर्वेच्या बंदरात यावे, हा तिचा हेतू होता.

आमच्या चमूत मिरजेकडचा एक तंत्रज्ञ होता. वय अठ्ठावीस. मंगळवारी दुपारी त्याला फोन आला, वडील अत्यवस्थ, ताबडतोब ये. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आम्ही तिन्ही साधने बघितली. विमान त्या दिवशीचे गेले होते आणि पुढच्या दोन दिवसांचे भरलेले. रेल्वे आठवड्यातून दोनदा. एक गाडी त्याच रात्री झांबियाकडून येणार होती, पण स्टेशनमास्तर म्हणाले, अजून सरहद्दीच्या पलीकडेच आहे. आली तरी पुढे एक दिवस आणि एक रात्र. बस पहाटे सहाला, कारण तेव्हा रात्री बस चालवायला बंदी. ती बुधवारी रात्री आठला दारला पोचणार, म्हणजे मुंबईचे विमान गुरुवारी दुपारचे.

चौथा मार्ग साइटवरच्या जीपचा. संध्याकाळी पाचला निघायचे, रात्रभर चालवायचे, बुधवारी सकाळी दार. दुपारचे विमान मिळाले असते. म्हणजे एक पूर्ण दिवस आधी. चालक तयार होता. पोरगा हात जोडत होता.

तो रस्ता मी पंधरा-वीस वेळा केला होता. इरिंगाच्या पुढे कितोंगाचा घाट उतरतो, वळणावळणांवर ट्रक बंद पडलेले असतात. मग रस्ता मिकुमी अभयारण्याच्या मधून पन्नास किलोमीटर जातो, तिथे रात्री रस्त्यावर म्हशी आणि हत्ती उभे असतात. चालक सकाळपासून साइटवर राबलेला. मी जीप दिली नाही. म्हटले, पहाटेच्या बसने जा, मी दारला माणूस उभा करतो. तो काही बोलला नाही. रात्रभर बॅग भरून खोलीबाहेर पायरीवर बसून होता. मीही झोपलो नाही, पण त्याच्याजवळ जाऊन बसण्याचे मला धैर्य झाले नाही.

तो गुरुवारी रात्री मुंबईत उतरला आणि तिथून रात्रीच्याच टॅक्सीने मिरजेला गेला. तिथे त्याला अडवायला मी नव्हतो. वडील गुरुवारी संध्याकाळी गेले होते. अंत्यविधी त्याच्यासाठी थांबवून ठेवला होता.

आजही तीच वेळ आली तर मी जीप देणार नाही. हे मी इथे व्यासपीठावरून ठामपणे सांगतो. त्याच्या आईसमोर बसून सांगता येईल का, ते मला माहीत नाही. तो महिन्याने परत आला. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. आता तो दुसऱ्या एका कंपनीत साइटचा प्रमुख आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता, कामाचाच. बोलता बोलता म्हणाला, "सर, माझ्या साइटवर सहानंतर गाडी बाहेर जात नाही." मी 'बरं' म्हटले.

पाणी घेतो जरा.

तर टांझानियाचेच पुढे. तिथे आता चित्र बदलते आहे. २०२४ च्या जून-जुलैपासून दार-एस-सलामहून मोरोगोरो आणि पुढे राजधानी दोदोमापर्यंत विजेवरची नवी रेल्वे सुरू झाली. ताशी १६० किलोमीटर. बसला जिथे सात-आठ तास लागत तिथे गाडी साडेतीन-चार तासांत पोचवते. केनियाची नवी गाडी डिझेलवर चालते, ही विजेवर, आणि आम्ही विजेची माणसे, त्यामुळे माझा कल कुठे ते सांगायला नको. या मार्गावर रेल्वे, डोळे मिटून. दार-एस-सलामचे बसस्थानक मात्र २०२१ मध्ये उबुंगोहून गावाबाहेर म्बेझी लुईसला नेले आहे, जुन्या माहितीवर उबुंगोला जाऊ नका.

ताझाराबद्दल तरुण मंडळी उत्साहाने विचारतात. जंगलातून जाते, जिराफ दिसतात, झोपायला डबा मिळतो. हे सगळे खरे. मी एकदा दार ते म्बेया हौसेने केला, आणि गाडी अकरा तास उशिरा पोचली तरी मजा आली, कारण मला कुठेही पोचायचे नव्हते. रजेवर असाल आणि हातात दोन दिवस मोकळे असतील तर जरूर बसा. गाडी चालू आहे का ते त्या आठवड्यात स्टेशनवर फोन करून विचारा. परतीचे विमान पकडायचे असेल तर त्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आणि डब्यात पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या अशी सोय असते. नवराबायकोला एकत्र हवे तर पूर्ण कप्पा घ्यावा लागतो.

कुणी म्हणेल, मग रेल्वे नेहमीच बरी. तसेही नाही. नायजेरियात राजधानी अबुजाहून कादुनाला २०१६ मध्ये रेल्वे सुरू झाली. रस्त्यावर अपहरणे होत, म्हणून अधिकारी, व्यापारी सगळे रेल्वेने जाऊ लागले. तीच गाडी २८ मार्च २०२२ रोजी रात्री रूळ उडवून अडवली, माणसे मारली आणि कित्येकांना पळवून नेले. डिसेंबरपर्यंत गाडी बंद होती. सगळे सुरक्षित म्हणून ज्या साधनाकडे वळले, तेच लक्ष्य झाले. म्हणून तिथे काम करणाऱ्याने गेल्या वर्षीच्या माहितीवर निघू नये, आदल्या दिवशी स्थानिक माणसाला विचारावे. ऑफिसातल्या साहेबाला नव्हे, चालकाला. साहेब वर्तमानपत्र वाचून सांगतो, चालकाचा भाऊ काल त्या रस्त्याने आलेला असतो.

लांबच्या पल्ल्याला, म्हणजे नैरोबीहून लुसाका, लागोस, आक्रा, विमानाशिवाय दुसरा विचारच करू नका. तिकिटे महाग असतात, आपल्या देशाच्या मानाने तर फारच. प्रवासी थोडे, विमानतळांचे कर भारी, आणि कोणत्या देशाच्या विमानाने कुठे उतरायचे याचे देशादेशांतले करार. आकाश मोकळे करायचा ठराव आफ्रिकी देशांनी १९९९ मध्ये यामुसुक्रोला केला, २०१८ मध्ये पुन्हा नव्याने सुरुवात केली, अंमल अजून अर्धामुर्धाच आहे. अदिस अबाबा आणि नैरोबी या दोन मोठ्या विमानतळांवरून बहुतेक ठिकाणी जाता येते. मधल्या विमानतळावर रात्र काढावी लागली तरी ती दिव्याखाली असते.

आता आयांसाठी थोडे. मुलाला तिखट, मेतकूट, लाडू जरूर द्या, पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून देऊ नका. रवांडात २००८ पासून, केनियात ऑगस्ट २०१७ पासून आणि टांझानियात जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. केनियात दंड आणि तुरुंग दोन्ही कायद्यात आहेत. कापडी पिशव्या शिवा, डबे द्या. छोट्या विमानांत सामान पंधरा किलोच चालते आणि बॅग मऊ लागते, तेव्हा ती मोठी कडक सूटकेस घरीच ठेवा.

दुसरे, पीतज्वराची लस. निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तोपर्यंत दाखला ग्राह्य धरत नाहीत. एकदा घेतली की २०१६ पासून ती जन्मभर चालते. ते पिवळे कार्ड पासपोर्टच्या आतच ठेवायचे. केनियातून रस्त्याने टांझानियात शिरताना नमांगाला ते मागतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे केनिया, युगांडातून आपल्या देशात परत येताना ते नसेल तर इथे विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. घरी लग्न असो की आजारपण, सुटका नाही.

तिसरे, परवाने. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसा रद्द करून आधी संगणकावर परवानगी घ्यायची पद्धत आणली आहे. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून शंभर डॉलरचा एक पर्यटक व्हिसा २०१४ पासून मिळतो, टांझानिया त्यात नाही. पण तो हिंडणाऱ्यांसाठी आहे. कामावर जाणाऱ्या मुलाला कंपनी "सध्या पर्यटक म्हणून जा, नंतर बघू" असे म्हणाली तर त्याने नाही म्हणावे, आणि तुम्ही त्याला नाही म्हणायला सांगावे. सरहद्दीवर बसमधून खाली उतरवतात ते मुलाला, कंपनीला नाही.

बसने जावेच लागले तर दिवसाची, मधल्या रांगेतली जागा, पट्टा आहे का ते बसण्यापूर्वी ओढून बघायचे. नसेल तर दुसरी जागा मागायची, लाजायचे नाही. पासपोर्ट आणि पैसे अंगावर, वरच्या फळीवर नाही. अनोळखी माणसाने दिलेले बिस्कीट, सरबत नको. पैसे रोख फार लागतच नाहीत. केनियात २००७ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आहे. आपल्याकडे यूपीआय आले त्याच्या किती तरी आधी तिथली भाजीवाली फोनवर पैसे घेत होती.

मी पूर्व आफ्रिकेचा एक मोठा नकाशा बरोबर आणला आहे. त्यावर लाल रेघ रेल्वेची, निळी रस्त्याची, आणि कुठून कुठे जायला सकाळी किती वाजता निघावे ते पेन्सिलीने लिहिले आहे. तिन्ही घरच्या मंडळींनी आरतीनंतर थांबावे, मुलांची कामाची गावे सांगावीत, आपण एकेक मार्ग बघू. वहिनी, तुमच्या चिरंजिवाचे गाव एल्डोरेट म्हणालात ना? तिथे विमान जाते. सकाळचे घ्या.